दहा मिनिटं, खळखळून

आमच्या घरातलं सगळ्यात मोठं पातेलं बासुंदीचं. जाड बुडाचं, सहा लिटरचं, आईच्या लग्नातलं. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा ते माळ्यावरून खाली यायचं आणि बासुंदी झाली की घासूनपुसून परत वर जायचं. २०२४ च्या डिसेंबरात ते खाली आलं आणि पुढचे सात महिने मागच्या शेगडीवरून हललंच नाही. त्या सात महिन्यांत त्यात दूध एकदाही तापलं नाही. उकळलं ते पाणी, आणि पाण्यात बुडालेल्या बाटल्या, निपलं, कड्या, झाकणं, ब्रेस्टपंपाचे कप.

मुलगी ३४ व्या आठवड्यात झाली. वजन १ किलो ९०० ग्रॅम. ‘भरताच्या वांग्याएवढी आहे गं,’ असं आई म्हणाली आणि लगेच जीभ चावली. अकरा दिवस ती काचेच्या पेटीत होती. त्या खोलीच्या दाराशी बेसिन होतं आणि बेसिनवर नियमांचा कागद. घड्याळ काढा, अंगठी काढा, मोबाइल बाहेर ठेवा, कोपरापर्यंत हात धुवा. पहिल्या दिवशी मी हात धुऊन नळ बंद केला आणि सिस्टर म्हणाल्या, ‘परत धुवा.’ न धुतलेल्या हाताने उघडलेल्या नळालाच मी धुतलेला हात लावला होता. मुलीला बघायला दारात उभा असलेला बाप मी, आणि मला परत पाठवलं जात होतं. राग आला. मग पेटीतला तो जीव आठवला आणि मुकाट्याने परत धुतले.

सुरुवातीला तिला नाकातल्या नळीने दूध दिलं जायचं. मग गिळता यायला लागल्यावर सिस्टरनी स्टीलचं चोचीचं छोटं भांडं आणलं. त्या केरळच्या. म्हणाल्या, ‘पालाडै.’ काचेपलीकडून बघणारी आई मला कोपराने ढोसून म्हणाली, ‘पालाडै कसलं, बोंडलं आहे ते. आपल्याकडे चांदीचं आहे. तुलाही त्यानेच पाजलंय.’

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं की शक्यतो बाटली नको. अंगावर पाजा, कमी पडलं तर काढलेलं दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्या. आम्ही तीन आठवडे तसं केलं. एका वेळच्या दुधाला चाळीस मिनिटं लागत, दर दोन तासांनी वेळ होई, आणि मधल्या ऐंशी मिनिटांत पंप, भांडी आणि माणसाची झोप बसवायची. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, वरचं दूध सुरू झालं होतं. चौथ्या आठवड्यात मी औषधांच्या दुकानातून चार बाटल्या आणल्या. डॉक्टरांना पुढच्या भेटीत सांगितलं, तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘मग धुण्यात कुचराई करू नका.’

धुणं माझ्याकडे आलं. पाजणं बायकोकडे होतं, अंघोळ आणि मालिश आईकडे, आणि या घरात मला करता येईल असं एकच काम उरलं होतं. ते मी परीक्षेच्या अभ्यासासारखं केलं. खुळ्यासारखंच म्हणा.

बाटली धुणं म्हणजे बाटली सुटी करणं, हे पहिलं. निपल कडीतून ओढून काढायचं, उलटं करायचं, त्याच्या भोकातून पाणी पिळून बघायचं. कडीच्या आट्यांत दुधाची पांढरी रेघ बसते, ती ब्रशशिवाय निघत नाही. सिंकमध्ये थेट काही ठेवायचं नाही, कारण सिंकमध्ये भाजी निवडून धुतलेली असते, आदल्या रात्रीचं खरकटं असतं. म्हणून एक हिरवा टब फक्त बाटल्यांसाठी. धुतल्यावर फडक्याने पुसायचं नाही. रोळीत उपडं घालायचं आणि वाऱ्याने वाळू द्यायचं. फडकं कितीही स्वच्छ दिसलं तरी ते ओलं राहतं, आणि ओल्या फडक्यात काय काय नांदतं ते न बघितलेलंच बरं.

मी सुरुवातीला कढत पाण्याखालीच बाटली धरायचो. आईने हात धरला. ‘दुधाच्या पातेल्यात आधी गार पाणी ओततात की गरम?’ गारच ओततात, मराठी घरातल्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. कारण मी नंतर वाचलं: दुधातलं प्रथिन उष्णतेने घट्ट होऊन भांड्याला चिकटतं, आणि त्या साक्याखाली जंतू निवांत राहतात. आधी गार पाणी, मग साबण आणि गरम पाणी, मग उकळी. हा क्रम चुकला की उकळीलाही अर्थ उरत नाही. साका चढलेली बाटली उकळणं म्हणजे भिंतीवरचा मळ न काढता वर चुना मारणं.

उकळी किती वेळ, यावर जगाचं एकमत नाही. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी संस्था पाच मिनिटं म्हणते, ब्रिटनची आरोग्यसेवा दहा. आम्ही दहा धरली. बाटल्या पूर्ण बुडाल्या पाहिजेत, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि पाणी नुसतं तापलेलं नाही तर खळखळलेलं हवं. बाटली पाण्यात तिरकी बुडवून तिच्यातला शेवटचा बुडबुडा बाहेर काढण्यात मला एक वेगळंच समाधान मिळायला लागलं. रात्री अडीच वाजता ओट्यापाशी उभं राहून माणसाला कशात समाधान मिळेल ते सांगता येत नाही.

खरं तर याला निर्जंतुक करणं म्हणणंही बरोबर नाही. शंभर अंशांवर बहुतेक जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेली त्यांची रूपं, टिकतात. ते मारायला १२१ अंश लागतात, आणि पाणी उघड्या भांड्यात तेवढं तापत नाही. वाफ कोंडून दाब वाढवावा लागतो. पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने १८७९ मध्ये त्यासाठी ऑटोक्लेव्ह बनवला. दवाखान्यातली अवजारं आजही त्यातच जातात. हे सगळं मी जेवताना सांगितलं. आईने आमटी वाढता वाढता विचारलं, ‘म्हणजे कुकरच ना? मग लाव की दोन शिट्ट्या.’ तत्त्वतः ती बरोबर होती. पण बाटलीचा आकार दोन शिट्ट्यांनंतर बाटलीचाच राहील याची मला खात्री नव्हती, आणि बाळाला दुधातले बीजाणू नव्हे तर रोजचे साधे जंतू मारलेले पुरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मेहुणी इंग्लंडात असते. तिने फोनवर सांगितलं, ‘कसलं उकळत बसता? मिल्टन घ्या.’ आम्ही दोघं बुचकळ्यात. मिल्टन म्हणजे आपल्याकडे थर्मास, शाळेची पाण्याची बाटली. थर्मासमध्ये निपलं ठेवायची? शेवटी कळलं की तिकडे मिल्टन नावाचं एक पाणी मिळतं, सोडियम हायपोक्लोराइटचं. ते थंड पाण्यात मिसळून त्यात बाटल्या पंधरा मिनिटं बुडवतात आणि चोवीस तासांनी ते पाणी बदलतात. गॅस नाही, उकळी नाही. आम्ही काही ते घेतलं नाही. पण आईला पोहण्याच्या तलावाचा वास आणि नातीची बाटली एकत्र आणणं मुळातच अभद्र वाटलं, आणि त्या दिवसानंतर मेहुणीचा उल्लेख घरात ‘मिल्टनवाली’ असा व्हायला लागला.

पातेलं एकदा जळलं. ते सांगायलाच हवं. जानेवारीतली रात्र, सव्वातीनला मी बाटल्या चढवल्या, दहा मिनिटांचा गजर लावला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर भिंतीला टेकलो. गजर झाला असणार. मी तो बंदही केला असणार, कारण मोबाइल माझ्याच हातात होता. जाग आली ती वासाने. पातेल्यातलं पाणी केव्हाच आटलं होतं, आणि बुडाशी दोन बाटल्या एकमेकींच्या गळ्यात पडून वितळल्या होत्या. सिलिकॉनची निपलं मात्र जशीच्या तशी, काही झालंच नाही अशी बसलेली. आई उठून आली, तिने खिडक्या उघडल्या, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मी आजही विसरलेलो नाही. सकाळी ती खरवडणी घेऊन पातेल्याशी बसली. बुडावरचा निळसर डाग तरीही राहिलाच.

त्या बाटल्या तशाही जाणारच होत्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी तेव्हाच वाचला होता. पॉलिप्रॉपिलिनच्या बाटलीत गरम पाण्याने दूध बनवलं तर लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण दुधात उतरू शकतात; पाणी जितकं गरम तितके जास्त. आणि दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना सांगते की दुधाची पावडर निर्जंतुक नसते, तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो, कमी दिवसांच्या बाळांना तो फार धोक्याचा, म्हणून पावडर कालवायचं पाणी ७० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. म्हणजे गरम नको आणि गरमच हवं. तोडगा सोपा निघाला: दूध स्टीलच्या भांड्यात गरम पाण्याने कालवायचं, निववायचं आणि मग बाटलीत ओतायचं. तरीही मी काचेच्या बाटल्या आणल्या. चारांतल्या दोन उरल्या आहेत.

धुण्याच्या नादात मी बाटलीच्या इतिहासातही शिरलो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आणि फ्रान्समध्ये एक बाटली फार चालली. तिच्यातून रबराची लांब नळी बाहेर यायची, टोकाला निपल. बाळाच्या उशाशी बाटली ठेवली की बाळ पडल्या पडल्या आपलं आपण दूध ओढायचं, आईचे हात मोकळे. गिरणीत जाणाऱ्या बाईला ती नळी किती हवीशी वाटली असेल हे आम्हाला त्या महिन्यात नीट कळत होतं. पण नळी आतून धुताच यायची नाही. तिच्यात दूध नासायचं, जंतू माजायचे आणि पोरं अतिसाराने जायची. लोक तिला ‘मर्डर बॉटल’ म्हणायला लागले. फ्रान्सने १९१० मध्ये कायदा करून ती बंद केली.

ते वाचून मी आईचं चांदीचं बोंडलं मागून घेतलं. हातावर मावेल एवढं. वरून उघडं, चोच पन्हळीसारखी उघडी. त्याला आत असं काही नाहीच. सगळा पृष्ठभाग डोळ्यांना दिसतो आणि बोट सगळीकडे पोचतं. ते घडवणाऱ्या सोनाराला जंतूंबद्दल काही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ते धुणाऱ्या बाईला काय लागतं हे त्याला ठाऊक असावं. कदाचित मी उगाच जास्त वाचतोय त्यात. ते तसं आहे, एवढं खरं.

बायकोबद्दल मी फार लिहिणार नाही, तिने तसं सांगितलंय. एकच. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. १९९२ चा कायदा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पावडरच्या डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही, आणि आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम असतं हे छापावंच लागतं. कायदा उत्तम आहे. ज्या काळात तो झाला, त्या काळातल्या कंपन्यांचे उद्योग वाचले तर पटतंच. पण पहाटे चार वाजता, दोन्ही बाजूंना पंप लावून वीस मिनिटांनी पंधरा मिलिलिटर दूध निघाल्यावर, समोरच्या डब्यावर ते वाक्य वाचणारी बाई मी बघितली आहे. दुसऱ्या दिवशी मी पावडर एका बरणीत काढायला निघालो. ती म्हणाली, ‘बरणी निर्जंतुक केलीस का?’ आणि हसली. पावडर डब्यातच राहिली. मी डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

आम्ही धायरीत राहतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी इथे, जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले. गियाँ-बारे सिंड्रोम हे नाव आठवड्याभरात इथल्या भाजीवाल्यांनाही पाठ झालं. आधी जुलाब, मग पायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला, दूषित पाण्यातून आणि कच्च्या मांसातून येणारा. पाणी उकळून प्या, असं सगळीकडून सांगत होते. मी तर तोवर उकळण्याचा तज्ज्ञ झालो होतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लोक मला विचारायला लागले.

आणि त्याच आठवड्यात मी मावशींना सांगितलं, ‘मावशी, उद्यापासून बाळाच्या कशालाच हात लावू नका. पातेल्यालाही नको. मी करतो सगळं.’

मावशी आमच्याकडे चार वर्षं भांडी आणि केरफरशी करतात. दोन गल्ल्या सोडून राहतात. ‘बरं दादा,’ म्हणाल्या. त्यांच्या वस्तीतलं पाणी कसं असेल, असं काहीतरी मी बायकोजवळ बोललो. ती म्हणाली, ‘आपल्याकडे कुठून येतं?’ त्या आठवड्यात आमच्याकडेही टँकरच येत होता.

पण सवय अशी एका वाक्याने जात नाही. एकदा मी आंघोळीला गेलेला असताना मावशींनी विसरून पातेलं इतर भांड्यांबरोबर घासलं. चकचकीत घासलं. मी बाहेर आलो, ते उचललं, नळाखाली धरलं आणि आतून-बाहेरून पुन्हा पाणी फिरवलं. मग त्यात पाणी भरून शेगडीवर चढवलं. मावशी तिथेच होत्या. त्यांनी बघितलं आणि फडकं पिळायला बाल्कनीत गेल्या.

ते पाणी फिरवणं मी कुठेतरी आधी बघितलं होतं. दिवसभर आठवेना. रात्री बाटल्यांचे बुडबुडे काढताना आठवलं.

आजी वाईला असायची. विधवा, कडक सोवळ्याची. तिचं सोवळ्यातलं लुगडं उंच वलणीवर वाळायचं आणि ती ते काठीने काढायची. आम्ही पोरं सुट्टीत गेलो की मुद्दाम तिच्या आसपास घोटाळायचो, ‘शिवू नको रे मेल्या’ ऐकायला. लोणच्याच्या बरणीला आंघोळीशिवाय हात नाही, उष्ट्या हाताने पाण्याचा तांब्या उचलायचा नाही, खरकटं इकडे आणि सोवळ्यातलं तिकडे. यातलं अर्धं मला आज बाटल्यांच्या नियमांत तसंच्या तसं दिसतं. हिरवा टब म्हणजे दुसरं काय? चिमट्यानेच उचल, याला त्याला लावू नको, एकदा उकळलेलं उघडं ठेवू नको. आजीला जंतू माहीत नव्हते, पण पाण्याशी आणि हाताशी तिने नातं जोडलं होतं, असं म्हणून मी एखादा गोड लेख सहज लिहू शकलो असतो. लोक लिहितात. करोनात तर अशा लेखांचा पूर आला होता, बघा आपल्या पूर्वजांचं विज्ञान म्हणून.

पण वाईच्या मागच्या अंगणात भांडी घासायला एक बाई यायच्या. त्यांचा चहाचा कप मोरीच्या वरच्या कोनाड्यात वेगळा असायचा, कान तुटलेला. चहा वरून ओतला जायचा. त्या पितळेची भांडी चिंचेने आणि राखेने घासून सोन्यासारखी करायच्या आणि पायरीवर उपडी घालून ठेवायच्या. मग आजी यायची, प्रत्येक भांड्यावर पाणी फिरवायची, आणि मगच ती भांडी घरात. ज्या हातांनी भांडं स्वच्छ केलं, त्या हातांचा विटाळ धुवायला ते पाणी. आम्ही पोरं हे रोज बघायचो. त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही, एवढं ते रोजचं होतं.

माझ्या पाणी फिरवण्याला शास्त्राचा आधार होता का? मी ओट्यापाशी उभा राहून प्रामाणिकपणे शोधला. नव्हता. पातेलं पुढची दहा मिनिटं खळखळून उकळणारच होतं. मावशींच्या हातावर जे काही असेल ते त्यात मेलं असतं, माझ्या हातावरचंही मेलं असतं. उकळीला हात कोणाचा ते कळत नाही. मग मी धूत होतो ते काय?

व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला असंच काहीतरी दिसलं होतं. बाळंतिणी तापाने मरत होत्या. दाईंच्या कक्षात कमी, डॉक्टरांच्या कक्षात कितीतरी जास्त. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. त्याने सगळ्यांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. मिल्टनवालीचं पाणी याच क्लोरिनच्या घराण्यातलं. तरीही पुष्कळ डॉक्टरांना ते रुचलं नाही. त्यांच्या, म्हणजे सुशिक्षित सभ्य माणसांच्या, हातांनी रोग पसरतो हे मान्य कसं करायचं? सोवळ्यात मलिन असतो तो नेहमी समोरचा. आजी दिवसभर ‘शिवू नका’ म्हणायची, पण ‘मी शिवते आहे का’ असं तिने स्वतःला कधी विचारलं नसावं. आणि त्या काचेच्या खोलीच्या दारात मला राग आला होता, तो याच घराण्यातला होता.

हे सगळं सुचून मी दुसऱ्या दिवशी मावशींशी काही बोललो का? नाही. काय बोलणार? ‘मावशी, काल मी पाणी फिरवलं त्याचं वाईट वाटून घेऊ नका’ असं म्हणणं म्हणजे त्यांनी ते बघितलं, हे कबूल करणं.

बोलल्या त्या. आठवड्याभराने. मी चिमट्याने बाटल्या काढून रोळीत ठेवत होतो, मोबाइल थरथरला, मी तो उचलला, ऑफिसचा मेसेज वाचला, खाली ठेवला आणि निपल बोटांनी धरून बाटलीला बसवायला लागलो. मावशी केर काढत होत्या. कुंचा थांबला.

‘दादा, मोबाइल शिवलात ना आत्ता?’

मी बघतच राहिलो.

‘ते बूच परत टाका पाण्यात. आणि हात धुवा आधी.’

मी निपल पातेल्यात टाकलं. हात धुतले. नळ कोपराने बंद करायला गेलो तर त्या म्हणाल्या, ‘हां, तसं.’ मग कळलं की मावशी नऊ वर्षं एका प्रसूतिगृहात आया होत्या. बाळंतपणाच्या खोलीतल्या ट्रे, कात्र्या, चिमटे, सगळं उकळायचं काम त्यांचं. करोनात ते प्रसूतिगृह बंद पडलं म्हणून घरकामाला लागल्या. ‘तिथं डॉक्टरीणबाईंना पण मीच टोकायची, हात खाली सोडला की. हात छातीच्या वर धरायचा असतो, धुतल्यावर.’ चार वर्षांत आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं की तुम्ही आधी काय करायच्या.

नंतर सोपं झालं. मुलगी तीन किलोच्या वर गेली, दोन महिने उलटले, डॉक्टर म्हणाले की आता नीट धुतलं तरी पुरे, उकळी दिवसातून एकदा. मी एकदाची दोनदा करत राहिलो, कारण ते पातेलं शेगडीवर नसलं की मला काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. मग ती पालथी पडायला लागली, रांगायला लागली, आणि एका दुपारी माझी चप्पल चोखताना सापडली. मनापासून चोखत होती. बायको म्हणाली, ‘उकळायची का?’ त्या संध्याकाळी पातेलं माळ्यावर गेलं.

तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास मावशींची मुलगी बाळंतीण झाली. बाळ ओढत नव्हतं. मावशींनी आईला विचारलं, ‘आजी, ते स्टीलचं चोचीचं भांडं आहे का अजून? आठ-पंधरा दिवस द्याल?’ स्टीलचं आम्ही शोधलं. सापडेना, आवराआवरीत कुठेतरी गेलं होतं. मी म्हटलं, मी नवीन आणून देतो संध्याकाळी. आई उठली, देवघराच्या खालच्या खणातून चांदीचं बोंडलं काढलं, मावशींच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, ‘संध्याकाळपर्यंत काय उपाशी ठेवणार पोराला?’

मी आईकडे बघितलं. ही त्याच वाईच्या घरात वीस वर्षं सून होती. कोनाड्यातला तो कप तिनेही भरला असणार.

महिना झाला असेल. मावशी सकाळी आल्या त्या पिशवीतून बोंडलं घेऊनच. पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळलेलं. ‘आजी, बाळ आता अंगावर पितंय. उकळून आणलंय बरं का. दहा मिनिटं.’

आईने फडकं सोडलं, बोंडलं उजेडात धरून बघितलं. मी ओट्यापाशी चहा गाळत होतो, माझ्या शेजारी नळ होता. आई माझ्या समोरून गेली, देवघरापाशी वाकली आणि ते तसंच खणात ठेवलं. मग मला म्हणाली, ‘मावशींना चहा दे. साखर कमी घाल, त्यांना चालत नाही.’